वंशावळीबाहेरची माणसं कशी शोधायची

वंशावळ काढायचं वेड आता पुण्यात घरोघरी आहे, रिटायर झालेले काका लोक तर हात धुवून मागे लागलेत, आणि ते चांगलंच आहे. पण वंशावळ पूर्ण झाली की हातात काय येतं, तर नावांची शिडी. कोण कुणाचा मुलगा, कोण निपुत्रिक वारला, कोण दत्तक गेला, बस. साताऱ्याकडून नाहीतर कोकणातून सोळा-सतरा वर्षांचा पोरगा पुण्यात आला तेव्हा पहिली रात्र कुणाच्या ओसरीवर झोपला, त्याला नोकरीला कुणी चिकटवलं, घर घ्यायला पैसे कमी पडले तेव्हा जामीन कोण राहिलं, यातलं काहीही त्या शिडीत नसतं. आणि खरं सांगायचं तर आपल्या बहुतेकांच्या घराण्याचं नशीब सख्ख्या भावांपेक्षा या बाहेरच्या माणसांनीच जास्त घडवलेलं असतं, सख्खे भाऊ बरेचदा कोर्टात समोर उभे असतात.

तर ही बाहेरची माणसं शोधायची कशी, ते सांगतो. अमेरिकेत एलिझाबेथ शोन मिल्स नावाच्या वंशशास्त्राच्या अभ्यासक आहेत, त्यांनी या पद्धतीला 'फॅन' असं नाव दिलं, म्हणजे फ्रेंड्स, असोसिएट्स, नेबर्स. स्नेही, कामातले सोबती आणि शेजारी. एका माणसाबद्दल थेट पुरावा मिळेना की त्याच्या आजूबाजूची माणसं धुंडाळायची, तो आपोआप सापडतो. तिकडच्या लोकांना एक मोठी सोय आहे, त्यांच्या जुन्या जनगणनेचे घरनिहाय कागद काही वर्षांनी खुले होतात, त्यामुळे शेजारी कोण राहायचं ते सरळ पान उघडून वाचता येतं. आपल्याकडे जनगणनेत एकेका माणसाची जी माहिती भरली जाते ती १९४८ च्या कायद्यानुसार गोपनीय, ती कुणालाच बघायला मिळत नाही. म्हणून आपल्याला दुसऱ्या वाटा शोधाव्या लागतात, आणि त्या भरपूर आहेत. फक्त एक सवय लावून घ्यायची, कागदाचा मजकूर नंतर वाचायचा, कडा आधी वाचायच्या. साक्ष कुणाची, हद्दीला कोण, पत्ता कुणाच्या घरचा, पावती कुणाच्या नावावर. आपल्या माणसाचं नाव तर सगळे वाचतातच.

सुरुवात एका माणसापासून

सगळं घराणं एकदम घेऊ नका. एक माणूस निवडा आणि त्याच्या आयुष्यातला एक उलथापालथीचा काळ निवडा, म्हणजे गाव सोडलं तो काळ, किंवा धंदा बुडाला तो, किंवा बायको गेली आणि पोरं लहान होती तो. अडचणीच्या काळातच कोण कुणाचं होतं ते कळतं, सुखाच्या काळात सगळेच फोटोत असतात.

मग एक साधी दोनशे पानी वही घाला, एक्सेल येत असेल तर एक्सेल. प्रत्येक ओळीत तारीख, कागद कुठला, नाव जसं लिहिलंय तसंच्या तसं, त्या कागदात त्या माणसाची भूमिका काय, म्हणजे साक्षीदार की जामीनदार की शेजारी की नुसता आहेर देणारा, गाव किंवा पेठ, आणि शेवटी कागद आत्ता कुणाकडे आहे ते. "जसं लिहिलंय तसं" हे फार महत्त्वाचं आहे बरं का. एका कागदात रामभाऊ, दुसऱ्यात रामचंद्र, तिसऱ्यात नुसतं रा. ग., हा एकच माणूस असेल असं मनात आलं तरी वहीत तीन वेगळ्या ओळी ठेवा, एकत्र करायचं काम शेवटी. आपल्याकडे आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत आहे त्यामुळे एका आड एका पिढीत तेच नाव आणि तेच वडलांचं नाव फिरून येतं, आधीच एकत्र केलं की मग सोडवता सोडवत नाही.

घरातल्या कागदांपैकी सगळ्यात भारी: आहेराची वही

लोक माळ्यावरची सनद शोधतात आणि आहेराची वही रद्दीत देतात. अहो तीच तर खरी चीज आहे. लग्न, मुंज, बारसं, घरभरणी, कुठल्याही कार्यात एक जण दाराशी वही घेऊन बसायचा आणि येईल त्याचं नाव, पोशाख असेल तर काय, रोख असेल तर किती, ते लिहायचा. ही वही जपून ठेवायचे कारण त्यांच्याकडचं कार्य आलं की "त्यांनी आपल्याकडे काय केलं होतं, बघ वहीत" असं म्हणून वळता आहेर ठरायचा. म्हणजे ही देण्याघेण्याची चोख नोंद आहे, कुणी भावनेच्या भरात लिहिलेली नाही, म्हणून विश्वासाची.

ती वाचायची कशी? आधी रक्कम. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्याआधीच्या वह्यांत रुपये-आणे असतात, आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण, म्हणजे १। दिसलं की सव्वा रुपया. त्या वहीत बहुतेकांनी सव्वा किंवा दोन रुपये दिलेत आणि एका भलत्याच आडनावाच्या माणसाने अकरा रुपये आणि वर लुगडं दिलंय, तर तिथं बोट ठेवा, तो माणूस कोण हे शोधल्याशिवाय पुढं जाऊ नका. आमच्याकडच्या एका मुंजीच्या वहीत अशी नोंद आहे, सख्ख्या चुलत्यांचे दोन रुपये आणि रविवार पेठेतल्या एका तांबट कारागिराचे अकरा, सोबत एक पंचपात्री. घरात कुणालाच तो कोण ते माहीत नव्हतं. तेच नाव पुढं खरेदीखतावर साक्षीदार म्हणून दिसलं आणि मग पणजोबांच्या दुकानाच्या जागेची चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंना कोण ते, बघितली तर दक्षिणेला तोच. म्हणजे दुकानशेजारी, साक्षीदार आणि घरच्यापेक्षा मोठा आहेर, एवढं तीन बाजूंनी आल्यावर मग काही शंका राहत नाही.

दुसरं, क्रम बघा. वही येईल तसं लिहिलेली असते, यादी करून नाही. त्यामुळे लागोपाठची पाच-सहा नावं बरेचदा एकत्र आलेली असतात, एका वाड्यातली, एका ऑफिसातली, किंवा एकाच एसटीने गावाहून आलेली. त्यातलं एक नाव ओळखीचं निघालं की बाकीच्यांचा धागा सापडतो. वहीत बायकांची नावं कमी, पण "अमुकांच्या मातोश्री" अशी नोंद असेल तर ती वेगळी खूण करून ठेवा, ती बाई स्वतःच्या ओळखीने आलेली असते.

लग्नपत्रिकासुद्धा टाकू नका. निमंत्रकांच्या यादीत घरच्यांशिवाय कोण आहे, लग्न कुठल्या कार्यालयात किंवा कुणाच्या वाड्यात लागलं, हे बघायचं. स्वतःचा वाडा लग्नाला देणारा माणूस नुसता ओळखीचा नसतो.

पत्रांत मला सगळ्यात आवडतो तो पत्ता. जुन्या पोस्टकार्डावर "द्वारा रा. रा. अमुक अमुक, अमक्या वाड्यात, सदाशिव पेठ" असं असतं आणि आपण तो द्वारावाला सोडून देतो. अहो तोच तर माणूस ज्याच्याकडे तुमचे आजोबा राहायचे! पोस्टाचे शिक्के बघून पत्रं तारखेने लावा आणि द्वारा कुणाच्या ते एका रांगेत लिहा, पुण्यातली पहिली काही वर्षं कुठून कुठं गेली ते समोर येतं. पत्राच्या शेवटी "अमक्यास नमस्कार, तमकीस आशीर्वाद" ही जी यादी असते तीही उतरवा. आणि मायना बघा, स्वतःच्या वडलांना तीर्थरूप लिहायचे आणि वडलांसारख्या परक्या माणसाला तीर्थस्वरूप, त्यामुळे तीर्थस्वरूप दिसलं की हा आधार देणारा बाहेरचा माणूस असण्याची शक्यता बरीच.

फोटोची मागची बाजू स्कॅन करा, पुढची तर करालच. स्टुडिओचा शिक्का, कुणाच्या तरी अक्षरातलं पुसट नाव, सगळं मागेच असतं.

म्हाताऱ्या माणसांना "मित्र कोण" असं विचारू नका

आजीला जाऊन विचारलं की आजोबांचे मित्र कोण होते गं, तर उत्तर येतं "होते की खूप", संपलं. प्रसंग विचारायचा. लग्न कुणी जमवलं, म्हणजे स्थळ कुणी आणलं? पहिल्या बाळंतपणाला रात्री टांगा आणायला कोण धावलं? आजोबा दवाखान्यात होते तेव्हा डबा कुणाकडून यायचा? घर बांधताना कुणाकडून पैसे घेतले आणि ते फिटले का? स्मशानातली पावती कुणाच्या नावावर फाडली? खांदा कुणी दिला? घरात पेपर यायच्या आधी पेपर कुणाच्या ओट्यावर जाऊन वाचायचे? असं विचारलं की नावं भराभर पडतात, आणि सोबत गोष्टीही.

पुण्यात तर एक प्रश्न हुकमी आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पूर आला तेव्हा तुम्ही कुठं होतात आणि त्या रात्री कुणाच्या घरी झोपलात? आता ज्यांना तो दिवस आठवतो ती माणसं सत्तरीच्या पुढं आहेत, तेव्हा हे काम आधी करा, बाकीचे कागद थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, नदीकाठची सगळी घरं पाण्यात गेली, लोक नेसत्या कपड्यानिशी निघाले, आणि निघाले ते कुणाकडे तरी निघाले. भर दुपारी चार पोरं कडेवर घेऊन माणूस ज्या दारात जाऊन उभा राहतो ते दार म्हणजे तुमच्या घराण्याचा खरा गोतावळा. पुढचं पण विचारा, किती दिवस राहिलात, भांडी कुणी दिली, चिखल काढायला कोण आलं, कागद वाळवायला कुठं घातले. मग नंतर निसेन हटमध्ये, म्हणजे पूरग्रस्तांसाठीच्या अर्धगोल पत्र्याच्या घरांत, गेलात का, गोखलेनगरला गेलात की सहकारनगरला की तिकडे कुठल्या सोसायटीत, आणि सोसायटी केली तेव्हा बाकीचे सभासद कुठून गोळा झाले. पूरग्रस्तांच्या सोसायट्या अशा ओळखीनेच झालेल्या असतात, जुन्या वाड्यातले चार भाडेकरू, ऑफिसातले दोन, कुणाचा तरी मेव्हणा. सोसायटीच्या दप्तरात सभासदांचं आय नमुन्याचं रजिस्टर असतं, सेक्रेटरीला गोड बोलून संस्थापक सभासदांची पानं बघायला मागा.

याच पुरात अनेक घरांचे कागद वाहून गेले, हेही लक्षात ठेवा. "आमचे कागद पानशेतात गेले" हे पुण्यात दर दुसऱ्या घरी ऐकायला मिळतं. पण तुमची प्रत गेली तरी दुसऱ्या पार्टीची प्रत असते, साक्षीदाराच्या घरी पत्रं असतात, आणि सरकारी दप्तरात नोंद असते. बाहेरची माणसं शोधण्याचा हा रोकडा फायदा.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, विचारून करा. आणि दोन भावंडांना एकत्र बसवा, एकमेकांच्या चुका काढताना जी माहिती बाहेर येते ती एकट्याला विचारून येत नाही.

दस्त, सातबारा, फेरफार

आता सरकारी कागद. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, जे असेल ते काढा. यात बघायच्या जागा अशा, पहिली चतुःसीमा, "पूर्वेस अमुकांचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस तमुकांची मोकळी जागा". हे तुमचे शेजारी, तारखेसकट. दुसरी साक्षीदार. तिसरी, जी लोक हमखास सोडतात ती, दस्ताच्या शेवटी दुय्यम निबंधकापुढे ओळख देणारी माणसं. आजच्या दस्तात छापील वाक्य असतं की खालील इसम असे निवेदित करतात की ते दस्तऐवज करून देणाऱ्यास व्यक्तिशः ओळखतात व त्यांची ओळख पटवतात. जुन्या हस्तलिखित दस्तांतही अशाच अर्थाचा शेरा असतो. हल्ली तिथं वकिलाच्या ऑफिसातला पोरगा सही करतो त्यामुळे अलीकडच्या दस्ताला काही अर्थ नाही, पण सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या दस्तात ओळख द्यायला खरंच ओळखीचा माणूस यायचा. चौथी जागा, दस्त लिहिणारा.

मात्र साक्षीदार म्हणजे मित्र असं लगेच धरू नका. नोंदणी कचेरीच्या बाहेर काही माणसं रोजच्या रोज साक्षी घालायलाच बसलेली असायची. ओळखायचं कसं, तर त्याच कचेरीतले त्या महिन्यातले दुसरे एक-दोन दस्त बघायचे, तेच नाव सगळीकडे असेल तर तो धंदेवाईक, सोडून द्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतातच, त्यात बरेचदा एक घरचा डॉक्टर असतो, आणि घरचा डॉक्टर हा त्या काळात कुटुंबातलाच माणूस होता, त्याच्या घरी चौकशी करा.

प्रत हरवली असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून फी भरून नक्कल मिळते. १९०८ च्या नोंदणी कायद्यात स्थावर मालमत्तेचे दस्त पुस्तक क्रमांक एक मध्ये जातात आणि ते पुस्तक व त्याची सूची कुणालाही बघता येते, मृत्युपत्रांचं पुस्तक वेगळं, ते असं सरसकट बघायला मिळत नाही. दस्त क्रमांक आणि साल माहीत नसेल तर सूचीत शोधावं लागतं, वेळ जातो, डबा घेऊन जा.

पेठेतल्या घरासाठी सिटी सर्व्हेतून मालमत्ता पत्रक काढा आणि नुसतं आपलं नाही, दोन्ही बाजूच्या नंबरांचं पण काढा. गावाकडच्या जमिनीसाठी सातबारा, पण आजचा नाही, जुना हस्तलिखित. "आपले अभिलेख" या सरकारी साइटवर स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदी, मिळतात, सगळ्या तालुक्यांचं सगळंच असेल असं नाही, नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज. सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात कूळ कोण, सोसायटीचा बोजा किती हे असतं. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, म्हणजे कसणारं कूळ कायद्याने मालक ठरलं तो दिवस, या दोन्हीच्या आगेमागे कोण कूळ होतं आणि कोण मालक झालं हे फेरफारांत उतरलेलं असतं. इथं जरा मन घट्ट करून वाचा, आपल्या घराण्याचे सगळेच संबंध गोड नव्हते, आपण कुणाचे तरी सावकार होतो नाहीतर कुणाचं तरी कूळ, आणि तेही नातंच आहे. कूळ लावण्यावरून भांडण झालं असेल तर फेरफाराच्या मागे जबाब, पंचनामे असतात, पंचनाम्यातले पंच म्हणजे गावात कोण कुणाच्या बाजूने होतं त्याची यादीच.

शाळा, बँक, तालीम, दिंडी

माणूस घराबाहेर जिथं जिथं जायचा तिथं त्याच्या नावाचा कागद असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरात आपल्या आजोबांच्या नोंदीच्या आगेमागे त्याच दिवशी दाखल झालेली पोरं असतात, त्यात एकाच गावची दोन-तीन असली की समजायचं एकत्र आली. पुण्यातल्या जुन्या शाळांची, न्यू इंग्लिश स्कूल १८८० ची, हुजूरपागा १८८४ ची, अशा शाळांच्या शताब्दीच्या स्मरणिका निघालेल्या असतात, त्यातल्या आठवणींच्या लेखांत वर्गमित्रांची नावं मिळतात.

कर्जाचे कागद भावनिक नसतात म्हणून लोक बघत नाहीत. १९०४ च्या कायद्यानंतर सहकारी पतपेढ्या सुरू झाल्या, कॉसमॉस बँक १९०६ सालची, आणि या पेढ्यांत कर्ज म्हटलं की जामीनदार आला. कुणासाठी अंगावर कर्ज घ्यायची तयारी असणं याच्यापेक्षा मोठा पुरावा कुठला? बँक जुनी खाती दाखवणार नाही, पण घरातल्या ट्रंकेत करारनाम्याची प्रत, पासबुक, मागणीची नोटीस हे असतं.

गणपती मंडळांचे अहवाल, वर्गणीच्या पावत्या, मेळ्यांचे फोटो हे पुण्यात तर न विचारता मिळतात, फक्त मंडळाच्या कार्यकर्त्याजवळ गणपतीच्या आधी महिनाभर जाऊ नका, त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. तालमीतलं वेगळं, तिथं कागद जवळपास नसतोच, पण भिंतीवरचे फोटो असतात आणि खाली नावं असतात, आणि वस्ताद मंडळींची तोंडपाठ परंपरा असते कोण कुणाचा जोडीदार ते. वारकरी घर असेल तर दिंडी विचारा. आळंदी-पंढरपूर दिंडीत दरवर्षी बरोबर चालणारी माणसं, फडावर एकत्र उतरणारी, यात जात-गाव ओलांडून जे संबंध होतात ते दुसऱ्या कुठल्याच कागदात दिसत नाहीत. विणेकरी, चोपदार यांच्याशी बोला.

खडकीची दारूगोळ्याची फॅक्टरी, रेल्वे, मिलिटरीची हिशोबाची ऑफिसं, पुढं पिंपरीचे कारखाने, इथं एकाने लावलं की त्याच्या ओळखीने गावचे दहा लागायचे. नेमणुकीचं पत्र, युनियनची पावती, निरोप समारंभाचं मानपत्र आणि ग्रुप फोटो, हे बघा. कुणी स्वातंत्र्यसैनिक पेन्शन घेतली असेल तर ती फाइल म्हणजे खजिना, कारण तुरुंगाचा दाखला मिळाला नाही की सहकैद्यांची प्रमाणपत्रं जोडावी लागायची, म्हणजे येरवड्यात बरोबर कोण होतं ते त्यांच्याच सहीने लिहिलेलं असतं.

तीर्थक्षेत्राच्या उपाध्यांकडे लोक वंशावळीसाठी जातात, नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया. आपला लेख सापडला की फोटो काढतात आणि परत. थांबा, त्याच पानावर त्याच तिथीला आणखी कुणी सही केली ते बघा, पूर्वी काशीला एकटं कुणी जात नव्हतं.

वर्तमानपत्रांत 'केसरी' १८८१ पासून, 'ज्ञानप्रकाश' १८४९ पासून १९५१ पर्यंत, 'सकाळ' १९३२ पासून. त्यात दुखवटा, सत्कार, वर्गणीदारांच्या याद्या, आणि "जाहीर आभार", आजारातून उठल्यावर डॉक्टरांचे नि शेजाऱ्यांचे आभार मानायची जाहिरात, ती शोधा. तारीख माहीत असल्याशिवाय जाऊ नका, नुसतं चाळत बसलात तर दिवस जातो आणि सापडते ती चहाची जाहिरात. नियतकालिकं आणि स्मरणिकांसाठी पुणे नगर वाचन मंदिर, पुणे मराठी ग्रंथालय आणि घरबसल्या इंटरनेट आर्काइव्ह.

घराण्याला वतन, इनाम, कुलकर्णीपण, पाटीलकी काही असेल तरच पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दप्तराकडे वळा. सगळे तिथंच पहिले धावतात. साध्या घराण्याचं, कारागीर-कष्टकऱ्याचं गणगोत १९०० नंतरच्या रोजच्या कागदांत जास्त सापडतं. एकोणिसाव्या शतकातला कागद मोडीत असणार, वाचता येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, पुण्यात मोडीचे वर्ग चालतात आणि वाचून देणारी माणसंही मिळतात. सन लक्षात ठेवा, शकात ७८ मिळवले की इसवी सन, फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, ५९०, वर्षाची सुरुवात वेगळी असल्याने एखादं वर्ष इकडंतिकडं होतं.

बायकांचा गोतावळा

वंशावळीत बाई म्हणजे "सौ. अमुक, माहेरचे आडनाव तमुक", पुष्कळदा तेवढंही नाही. दस्तावर अंगठा असेल तर असेल. तिचं जग वेगळ्या कागदांत आहे. पाककृतींची वही काढा, पानोपान "खालच्या मजल्यावरच्या काकूंची चकली", "सेवासदनातल्या बाईंचं लोणचं" असं लिहिलेलं असतं, भाजणीच्या प्रमाणाशेजारी माणूस. वही भरत गेली त्या क्रमाने वाचली तर बाई कुठल्या वाड्यातून कुठं राहायला गेली तेही समजतं. भजनी मंडळाची वर्गणीची वही, भिशीचा कागद, उद्यापनाला बोलवायच्या सवाष्णींची यादी. शिकलेल्या असतील तर सेवासदन १९०९ चं, कर्व्यांचं हिंगण्याचं काम त्याआधीपासून, तिथल्या अहवालांत विद्यार्थिनींची नावं असतात, फक्त लग्नात नाव बदललंय हे डोक्यात ठेवून दोन्ही नावांनी शोधा.

जुळवणी आणि पहिला फोन

वही भरत आली की नावांवरून क्रम लावा. माझा नियम असा, एखादं नाव दोन वेगळ्या जातीच्या कागदांत आलं तरच त्याच्या मागे लागायचं. दोन खरेदीखतांत आलं तर ते एकच, पण खरेदीखत आणि आहेराची वही, किंवा पोस्टकार्डाचा पत्ता आणि आजीची गोष्ट, असं आलं तर पक्कं. आणि कागदावर नाही ते लिहू नका, "बहुतेक मित्र असावा" हे पेन्सिलीने.

घराण्यातल्या झाकलेल्या गोष्टी वर येतात, दुसरं घर, दत्तक, फसवलेला भागीदार. फॅमिली ग्रुपवर टाकायच्या आधी ज्यांच्या आईवडलांची गोष्ट आहे त्यांना विचारा. हयात माणसांची नावं, पत्ते तर टाकूच नका.

आता त्या साक्षीदाराच्या नातवाला फोन करायचा. पहिल्याच वाक्यात सांगा, "काका, जागेचं किंवा वाटणीचं काही काम नाहीये, माझ्या पणजोबांच्या एका कागदावर तुमच्या आजोबांची सही आहे, एवढंच." हे आधी सांगितलं नाही तर पुण्यात समोरचा माणूस दुसऱ्या वाक्याला वकिलाचा नंबर शोधायला लागतो, जुना दस्त आणि अनोळखी माणूस म्हटलं की डोक्यात दुसरं काही येतच नाही. भेटायला जाताना त्या सहीची चांगली रंगीत झेरॉक्स घेऊन जा, त्यांच्याकडे त्यांच्या आजोबांची सही बहुतेक नसतेच. दुपारी एक ते चारमध्ये जाऊ नका, सांगायला नको. चहा झाला की मग विचारा, तुमच्याकडे एखादी जुनी आहेराची वही आहे का हो, आणि असेल तर आमचं आडनाव त्यात किती रुपयांपुढे आहे ते बघू या का.